परक्या संहितेचे संपादन : लिनक्स पॅकेज-रचनेच्या मार्गदर्शिकांची समीक्षा

१

लिनक्स प्रणालीवर चालणारी आज्ञावली लिहितो तो एक, आणि ती सामान्य उपयोजकाच्या संगणकावर सुस्थितीत पोचवितो तो बहुधा दुसराच. मूळ कर्ता आपली संहिता, म्हणजे मनुष्याने वाचावयाचा सोर्स कोड, एका गाठोड्यात बांधून प्रसिद्ध करतो. ह्या गाठोड्यास टारबॉल असे नाव आहे. ते उघडल्यावर अनेक प्रश्न उभे राहतात. कोणती फाइल कोठे ठेवावयाची, कोणत्या अन्य आज्ञावलींवाचून ही चालणार नाही, जुनी आवृत्ती काढून नवी घालताना उपयोजकाने केलेल्या जुळणीचे काय करावयाचे, परवाना कोणत्या अटींवर पुनर्वितरणाची मुभा देतो, ह्या सर्वांची उत्तरे ठरीव साच्यात नोंदवून जो संच सिद्ध होतो तो पॅकेज होय. आणि ते बांधून पुढे वर्षानुवर्षे त्याची जबाबदारी वाहणारा तो मेंटेनर. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन, किंवा रेड हॅटच्या परंपरेतील फेडोरा, ही लिनक्सची वितरणे म्हणजे अशा हजारो पॅकेजांची भांडारेच होत.

हे काम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिण्याची परंपरा आता पाव शतकाहून जुनी झाली आहे. त्यांपैकी तीन येथे विचारार्थ घेतल्या आहेत. पहिली, योसिप रोदिन यांनी १९९८ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘डेबियन न्यू मेंटेनर्स गाइड’. जलधर व्यास व विल लोव यांच्या १९९७ मधील दोन लेखनांचा आधार तिने मोकळेपणाने मान्य केला आहे. दुसरी, तिची जागा घेणारी, ओसामु आओकी यांची ‘गाइड फॉर डेबियन मेंटेनर्स’. तिसरी, रेड हॅटच्या परिवारातून आलेली ‘आरपीएम पॅकेजिंग गाइड’. ह्यांखेरीज डेबियनचा ‘पॉलिसी मॅन्युअल’ हा नियमग्रंथ आहे. तो शिकविण्यासाठी लिहिलेला नसला तरी प्रत्येक मार्गदर्शिका त्याच्याकडे बोट दाखविते, म्हणून त्याचाही परामर्श घेणे प्राप्त आहे.

ह्या ग्रंथांची चिकित्सा भाषाभ्यासाच्या अंगाने व्हावी हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु मेंटेनरचे काम बारकाईने पाहिले असता ते आज्ञावली-लेखनापेक्षा ग्रंथसंपादनाला अधिक जवळचे आहे असे दिसून येते. संहिता दुसऱ्याची असते. ती हाती येते ती कोणत्या तरी एका प्रतीच्या रूपाने. तीत बदल करावयाचा तर तो मूळ पाठापासून वेगळा ठेवून, कारणासह नोंदवावयाचा असतो. आणि सिद्ध झालेल्या आवृत्तीवर असंख्य लोक विसंबून राहणार असतात. मार्गदर्शिका बांधणी शिकवितात हे खरे. संपादन शिकवितात काय, असा येथील प्रश्न आहे.

२

कोणत्याही अध्यापन-ग्रंथाची दृष्टी त्याने निवडलेल्या उदाहरणावरून ओळखता येते. रोदिन यांनी ‘जेंटू’ नावाची, फायलींची हाताळणी करणारी आज्ञावली उदाहरणादाखल घेतली. (ह्याच नावाचे एक लिनक्स वितरणही आहे, त्याचा हिच्याशी संबंध नाही.) ही आज्ञावली शिकवणीसाठी रचलेली नव्हती. तिला खरा कर्ता होता, आणि खऱ्या वस्तूला असतात तशा अडचणीही होत्या. ती स्वतःला ‘/यूएसआर/लोकल’ ह्या डिरेक्टरीत बसवू पाहत होती. हे स्थान प्रत्येक संगणकाच्या स्थानिक व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे वितरणाच्या पॅकेजाने तेथे पाऊल टाकावयाचे नसते. तिची जुळणीची फाइल ‘/ईटीसी’ मध्ये हलविणे आवश्यक होते, कारण उपयोजक जी फाइल आपल्या हाताने बदलू शकतो तिचे स्थान तेथे ठरलेले आहे. शिवाय संगणकावर ‘फाइल’ नावाची छोटी आज्ञावली असेल तर जेंटूला तिचा लाभ घेता येत होता, पण तिच्यावाचून जेंटूचे अडत नव्हते. हा संबंध कोणत्या शब्दाने नोंदवावा, असा प्रश्न विद्यार्थ्यापुढे आपोआप उभा राहत होता.

आओकी यांच्या नव्या मार्गदर्शिकेत जेंटूची जागा ‘डेबहॅलो’ ह्या कृत्रिम आज्ञावलीने घेतली. आरपीएमच्या मार्गदर्शिकेत तर ‘बेलो’, ‘पेलो’ व ‘चेलो’ अशी तीन भावंडे आहेत : बॅश, पायथन व सी ह्या तीन भाषांत लिहिलेली, आणि तिघेही जगाला नमस्कार करण्यापलीकडे काही न करणारी. ही निवड समजण्यासारखी आहे. कृत्रिम उदाहरण जुने होत नाही, आकाराने लहान राहते, आणि एकच गोष्ट निरनिराळ्या भाषांत कशी बांधली जाते ते शेजारी शेजारी ठेवून दाखविता येते. प्रत्येक पर्यायाचे स्वतंत्र उदाहरण देण्याची आओकी यांची पद्धत संदर्भासाठी अत्यंत सोयीची आहे, हे कोणीही मान्य करील.

परंतु ह्या सोयीचे मोल काय पडले ते पाहिले पाहिजे. नमस्कार करणाऱ्या आज्ञावलीला कशाची गरज नसते, म्हणून अवलंबनाची चर्चा कोरडी राहते. तिचा कर्ता व मार्गदर्शिकेचा लेखक एकच असल्यामुळे कर्त्याशी विचारविनिमय हा विषय उदाहरणातून हद्दपार होतो. सर्वात उद्बोधक आहे तो आरपीएमच्या मार्गदर्शिकेतील दुरुस्तीचा, म्हणजे पॅचचा, पाठ. तेथे ‘चेलो’ च्या संहितेत जो बदल करावयाचा आहे तो असा, की नमस्काराच्या वाक्यात ‘हा माझ्या पहिल्यावहिल्या पॅचकडून’ अशा अर्थाची पुस्ती जोडावयाची. फरक कसा काढावा, तो फाइलीत कसा साठवावा, बांधणीच्या वेळी तो कसा लागू करावा, हे सारे विद्यार्थी ह्यातून अचूक शिकतो. मात्र ह्या बदलाला कारण नाही. मूळ संहितेत काही चुकले नव्हते. कोणाची तक्रार नव्हती. बदल झाला म्हणून काही बिघडण्याचा संभवही नव्हता. परक्याच्या संहितेला हात लावण्याचा पहिला संस्कार अशा निष्कारण बदलाने व्हावा, हे अध्यापनदृष्ट्या गंभीर वैगुण्य होय. ‘डेबहॅलो’ चा पॅच ह्या बाबतीत पुष्कळ बरा आहे : तोही ‘/यूएसआर/लोकल’ चे ‘/यूएसआर’ करतो, म्हणजे त्याच्या मागे निदान एक नियम आहे. तथापि तेथेही भर आहे तो तोच फरक तीन वेगवेगळ्या साधनांनी कसा नोंदविता येतो ह्यावर.

३

पॅकेजाची अंतर्रचना पाहिली तर तिच्यातही भाषिक निर्णय पदोपदी आढळतात. डेबियनच्या ‘कंट्रोल’ फाइलीत एका पॅकेजाचे दुसऱ्याशी असलेले नाते सांगणारे शब्द ठरलेले आहेत. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून चालतच नाही असे. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अपवादात्मक परिस्थिती सोडता जे सोबत असावे असे. ‘सजेस्ट्स’ म्हणजे जे असल्यास उपयुक्तता वाढेल असे. ही आवश्यकतेची तीन अंगे आहेत, आणि त्यांतील भेद शब्दापुरता नाही. डेबियनमध्ये ‘रेकमेंड्स’ मधील पॅकेजे उपयोजकाने न सांगताही बसविली जातात. ‘सजेस्ट्स’ मधील बसविली जात नाहीत. मेंटेनरने एक शब्द सैलपणे वापरला की असंख्य संगणकांवर नको असलेले साहित्य जाऊन पडते, किंवा हवे असलेले पोचत नाही. जेंटू व ‘फाइल’ यांच्या नात्यासाठी रोदिन यांची मार्गदर्शिका ‘सजेस्ट्स’ हा शब्द निवडते व तो का निवडला हे सांगते. ‘डेबहॅलो’ च्या पहिल्या पाठात असा प्रश्नच उद्भवत नाही.

पॉलिसी मॅन्युअलची भाषाही अशीच तोलून वापरलेली आहे. त्यात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ ही इंग्रजी सहायक क्रियापदे पारिभाषिक झाली आहेत. पहिल्याचा भंग झाला तर तो दोष इतका गंभीर मानला जातो की ते पॅकेज वितरणाच्या स्थिर आवृत्तीत जाण्यास अपात्र ठरते. दुसऱ्याचा भंग दोष खरा, पण प्रसिद्धी अडविणारा नव्हे. तिसरे केवळ मुभा देते. मराठीत हा विषय शिकविणाऱ्याने येथे सावध राहणे अवश्य आहे. मराठीतील विध्यर्थी ‘करावे’ हे रूप आज्ञा, उपदेश आणि इच्छा ह्या तिन्ही अर्थांनी चालते. ‘परवान्याची प्रत सोबत द्यावी’ ह्या वाक्यावरून ती सक्ती आहे की सल्ला हे कळत नाही. ‘दिलीच पाहिजे’, ‘देणे इष्ट’ आणि ‘देता येईल’ असा रूपभेद काटेकोरपणे पाळला नाही, तर नियमग्रंथाचा कणाच मोडतो.

बांधणीचे नियम ज्या ‘रूल्स’ फाइलीत असतात तिची कथा तर व्याकरणाच्या अभ्यासकास विशेष परिचयाची वाटेल. पूर्वी ह्या फाइलीत प्रत्येक पायरी मेंटेनरला स्वतः लिहावी लागे. जोई हेस यांच्या ‘डेबहेल्पर’ ह्या साधनसंचाने त्या पायऱ्यांना नावे दिली. २००८ मध्ये त्याच संचात आलेल्या ‘डीएच’ ह्या आज्ञेने त्या सर्व पायऱ्या एका ठरीव क्रमात आपोआप पार पाडण्याची सोय केली. आणि २००९ मध्ये, नेमकी एखादीच पायरी बदलावयाची असल्यास तेवढीच लिहिण्याची सोय झाली. परिणामी आज सर्वसाधारण पॅकेजाची ‘रूल्स’ फाइल अवघ्या तीन ओळींची असते. ही उत्सर्ग आणि अपवाद यांचीच व्यवस्था होय. सामान्य नियम सर्वत्र लागू. विशेष नियम जेवढ्यापुरता सांगितला तेवढ्यापुरता त्याचा बाध करणारा.

पाणिनीय परंपरेत सूत्राच्या लाघवाचे कौतुक आहे, पण सूत्रपाठ करणाऱ्यालाच कोणी वैयाकरण म्हटलेले नाही. वृत्ती आणि भाष्य यांवाचून सूत्र मुके असते. तीन ओळींची फाइल नकलून घेणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती अशीच होते. पॅकेज बांधले जाते, आणि तो समजतो की बांधणी आपल्याला आली. ज्या दिवशी एखादी पायरी अडते त्या दिवशी, आपण कोणत्या नियमाला अपवाद करावयाचा हे त्याला कळत नाही, कारण नियम त्याने पाहिलेलाच नसतो. रोदिन यांच्या मार्गदर्शिकेच्या पुढील आवृत्त्यांत, ह्या तीन ओळींच्या पोटी प्रत्यक्षात कोणकोणत्या आज्ञा चालतात त्याची क्रमवार यादी दिली आहे. तिला वृत्तीचे स्थान देता येईल. अमुक पायरी तमुक पायरीच्या आधीच का, हे सांगणारे भाष्य मात्र तेथेही त्रोटक आहे.

आणखी एका गोष्टीचा येथेच उल्लेख करावयास हवा. नवशिक्याचे पॅकेज त्याच्या स्वतःच्या संगणकावर बिनतक्रार बांधले जाते आणि भांडाराच्या संगणकावर अडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बांधणीला लागणारे एखादे ग्रंथालय त्याच्या संगणकावर पूर्वीच बसलेले असते. म्हणून ते ‘बिल्ड-डिपेंड्स’ मध्ये लिहावयास हवे हे त्याच्या लक्षात येत नाही. जे वक्त्याला ठाऊक आहे ते श्रोत्यालाही ठाऊक असणार, ह्या गृहीतावर सामान्य संभाषण चालते. पॅकेज अशा गृहीतावर चालत नाही. ‘एसबिल्ड’ किंवा ‘पीबिल्डर’ ही साधने जवळजवळ रिकाम्या अशा वेगळ्या परिसरात पॅकेज बांधून हे अनुक्त गृहीत उघडे पाडतात. मार्गदर्शिकांनी त्यांचा आग्रह धरला आहे आणि तो सर्वथा योग्य आहे.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. संपादकाच्या हातून होणारे प्रमाद मुख्यतः दोन प्रकारचे असतात. अर्थ न कळता पाठ ‘शुद्ध’ करणे हा एक, आणि हाती आलेली प्रत दुसऱ्या प्रतीशी न ताडता प्रमाण मानणे हा दुसरा. लिनक्स पॅकेजांच्या इतिहासात दोहोंची ठळक उदाहरणे सापडतात.

पहिले उदाहरण डेबियनमधील ‘ओपनएसएसएल’ ह्या पॅकेजाचे. गुप्तलेखनासाठी लागणाऱ्या किल्ल्या निर्माण करणारी ही संहिता आहे, आणि किल्ली सुरक्षित असण्यासाठी ती कोणालाही अंदाज करता येऊ नये इतकी यादृच्छिक असावी लागते. २००६ साली असे आढळले की ‘व्हॅलग्रिंड’ हे स्मृतीच्या वापरातील चुका शोधणारे साधन ह्या संहितेविषयी इशारे देत आहे : अद्याप मूल्य न दिलेला स्मृतीचा भाग येथे वाचला जात आहे. ज्या ओळीमुळे हे घडत होते ती संहितेत दोन ठिकाणी, शब्दशः सारखीच, आलेली होती. मेंटेनरने मूळ कर्त्यांच्या मंडळीकडे पृच्छा केली. प्रश्न दोषशोधनाच्या संदर्भात विचारला गेला आणि उत्तरही, दोषशोधनाला मदत होत असेल तर ओळी काढण्यास हरकत नाही, अशा अर्थाचे आले. डेबियनच्या आवृत्तीतून दोन्ही ओळी वगळल्या गेल्या.

दिसण्यात एकरूप असलेल्या ह्या ओळींची कार्ये भिन्न होती. एक काढल्याने विशेष काही बिघडले नसते. दुसरी मात्र यादृच्छिकतेचा पुरवठा आत घेणारी मुख्य वाट होती. ती बंद झाल्यावर किल्लीच्या निर्मितीत फरक पाडणारी गोष्ट उरली ती चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याची संभाव्य मूल्ये जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या संगणकावर, एका प्रकारच्या व लांबीच्या सर्व संभाव्य किल्ल्यांची यादी कोणालाही आधीच करून ठेवता येत होती. सप्टेंबर २००६ मध्ये भांडारात आलेला हा दोष लुचानो बेलो यांनी शोधल्यावर १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. तोवर डेबियनवर आधारलेल्या उबुंटूसारख्या वितरणांतही तो पसरला होता, आणि जगभरच्या व्यवस्थापकांना किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

पाठचिकित्सेच्या शास्त्रात एक जुने तत्त्व आहे : दोन पाठांपैकी जो अवघड तो सहसा जुना, कारण सोप्याचा अवघड कोणी करीत नाही. त्यातून संपादकाने घ्यावयाचा बोध असा, की जे विचित्र दिसते ते चूकच असेल असे मानू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार, शंकास्पद शब्दांखाली नागमोडी रेघ दिलेली असते. संपादकाची शंका वाचकाला दिसावी, पण पाठ मुकाट्याने गुळगुळीत होऊ नये, हा तिचा हेतू. मूल्य न दिलेली स्मृती वाचणारी ओळ अशीच ‘अवघड पाठा’ ची होती. इशारा थांबविणे हे ध्येय झाले, आणि इशारा ज्याविषयी होता त्याचा अर्थ मागे राहिला.

आज ह्या बाबतीत साधने सुधारली आहेत. त्या काळी प्रचलित असलेल्या आराखड्यात मेंटेनरचे सर्व बदल एकाच फरक-पत्रात एकत्र होत असत, आताच्या ‘३.० (क्विल्ट)’ आराखड्यात मूळ टारबॉल अस्पर्श राहतो आणि प्रत्येक बदल स्वतंत्र पॅच म्हणून क्रमाने लागतो. ‘डेप-३’ ह्या संकेतानुसार पॅचच्या शिरोभागी त्याचे वर्णन, उगम, कर्ता आणि तो मूळ कर्त्याकडे पाठविला की नाही, हे नोंदविता येते. वर संहिता आणि खाली पाठभेद अशी जी चिकित्सक आवृत्तीची मांडणी, तिचाच हा भाऊ. मार्गदर्शिका ही मांडणी शिकवितात. परंतु ‘वर्णन’ ह्या रकान्यात काय लिहिले म्हणजे ते कारण ठरते, आणि काय लिहिले म्हणजे ती केवळ नोंद राहते, ह्याचे एकही विस्तृत उदाहरण त्या देत नाहीत. २००६ चा प्रसंग ह्या कामासाठी हातचा आहे. त्याला कोणत्याही पाठात स्थान नाही.

५

दुसरे उदाहरण २०२४ मधील. ‘एक्सझेड’ ही मजकूर आकुंचित करण्याची संहिता जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात असते. तिच्या ५.६.० व ५.६.१ ह्या, फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये आलेल्या, आवृत्त्यांत एक चोरवाट ठेवलेली होती. दूरस्थ संगणकात शिरण्यासाठी वापरली जाणारी ‘एसएसएच’ सेवा किंचित मंद चालली आहे, सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होत आहे, हे पोस्टग्रेसच्या विकासकांपैकी एक, आंद्रेस फ्रॉइंड, यांच्या ध्यानात आले. त्याचा माग काढीत ते चोरवाटेपर्यंत पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ती जाहीर केली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती गेलेली नव्हती. चाचणीच्या व अस्थिर शाखांत आणि फेडोराच्या विकासाधीन आवृत्त्यांत मात्र पोचली होती.

ह्या प्रसंगातील दोन-तीन तपशील पॅकेज शिकणाऱ्याने विशेष अभ्यासण्याजोगे आहेत. पहिला असा, की चोरवाट चालू करणारी बांधणी-सूचना प्रकल्पाच्या सार्वजनिक संग्रहात नव्हती. ती होती फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये. एकाच संहितेच्या दोन प्रती होत्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. अशी विसंगती कोणाला खटकली नाही ह्यालाही कारण आहे : टारबॉलमध्ये यंत्राने निर्माण केलेल्या हजारो ओळींच्या फायली नेहमीच जास्त असतात, म्हणून त्या ताडून पाहण्याचा प्रघातच नव्हता. दुसरा तपशील अधिक बोलका आहे. ही सूचना कार्यान्वित होण्यापूर्वी पाहत असे की आपण पॅकेज म्हणून बांधले जात आहोत काय : डेबियनची ‘रूल्स’ फाइल शेजारी आहे काय, किंवा आरपीएमची बांधणी चालू आहे काय. म्हणजे जिच्या तीन ओळी नवशिका सर्वप्रथम नकलून घेतो, त्याच फाइलीचे अस्तित्व ही घुसखोराची खूण होती. लक्ष्य मेंटेनरच्या बांधणीगृहाचेच होते.

तिसरा तपशील वितरणांच्या स्वतःच्या संपादनाविषयी आहे. ‘ओपनएसएसएच’ ची मूळ संहिता एक्सझेडच्या ग्रंथालयाशी जोडलेली नाही. डेबियन, फेडोरा आदी वितरणांनी सेवा सुरू झाल्याची वर्दी ‘सिस्टिमडी’ ला देण्यासाठी तीत एक पॅच घातला होता. त्या पॅचबरोबर सिस्टिमडीचे ग्रंथालय आले, आणि त्याच्या पाठोपाठ एक्सझेडचे. पॅच निर्दोष होता, त्याचे कारणही रास्त होते. पण प्रत्येक दुरुस्ती आपल्यामागून काय काय आत आणते, हा प्रश्न विचारणे संपादकाचेच काम आहे.

मार्गदर्शिका येथे काय सांगतात? टारबॉल कोठून आणावा, ‘वॉच’ नावाच्या फाइलीच्या आधारे नवी आवृत्ती कशी शोधावी, आणि कर्त्याची डिजिटल स्वाक्षरी कशी तपासावी. हे सर्व उपयुक्त आहे. परंतु एक्सझेडच्या त्या टारबॉलवर स्वाक्षरी होती आणि ती खरीही होती, कारण चोरवाट ठेवणारी व्यक्ती स्वतःच प्रकल्पाची अधिकृत सहमेंटेनर झालेली होती. स्वाक्षरीने प्रत कोणाची हे कळते; प्रतीत काय आहे हे कळत नाही. त्यासाठी दोन प्रती शेजारी ठेवून वाचणे हाच उपाय, आणि टारबॉल व सार्वजनिक संग्रह यांची अशी तुलना हा पहिल्या पाठातील स्वाध्याय एकाही मार्गदर्शिकेने केलेला नाही.

६

ह्यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल, आणि तो बिनबुडाचा नाही. मार्गदर्शिकेचे काम नवशिक्याला पहिले पॅकेज बांधता येईल एवढे धैर्य देणे हे आहे. विवेक अनुभवाने आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली येतो. डेबियनमध्ये नवागताचे पॅकेज एखाद्या अधिकृत सदस्याने तपासून भांडारात चढवावे लागते. ‘लिंटियन’ सारखे साधन शेकडो नियमभंग आपोआप दाखविते. शिवाय रोदिन यांच्या मार्गदर्शिकेने आरंभीच, आज्ञावली समजत असेल तरच हाती घ्यावी, पहिल्या खेपेस विशेषाधिकाराने चालणारी आज्ञावली निवडू नये, कर्त्याशी संपर्क साधावा, असा सल्ला दिलाच आहे. मग आणखी काय हवे?

सल्ला आणि शिकवण यांत अंतर आहे, एवढेच ह्याचे उत्तर. ‘समजून घ्या’ असे सांगितल्याने समजून कसे घ्यावे हे कळत नाही. जे करून दाखविले जाते तेच विद्यार्थी उचलतो. तिन्ही मार्गदर्शिकांत करून दाखविले आहे ते साच्याचे भरण. लिंटियन रूपाचे दोष दाखविते. २००६ ची वगळलेली ओळ किंवा २०२४ चा टारबॉल त्याच्या नजरेच्या पलीकडचा आहे. देखरेख करणारा ज्येष्ठही त्याच मार्गदर्शिकांवर वाढलेला असतो, हेही विसरता येत नाही. तरीही तिघींचा तौलनिक विचार करता, जुन्या मार्गदर्शिकेचे पारडे ह्या एका बाबतीत जड ठरते. तिच्यातील तंत्र मागे पडले आहे आणि ती आज पहिली म्हणून विद्यार्थ्याच्या हाती देणे योग्य होणार नाही. पण तिने परक्याची खरीखुरी संहिता समोर ठेवून काम केले, आणि त्यामुळे संपादकाचे प्रश्न तिच्यात न बोलावता आले. नव्या मार्गदर्शिका अधिक अचूक, अधिक व्यवस्थित व अधिक सर्वंकष आहेत. परंतु त्यांनी उदाहरणाबरोबर तो परकेपणाही काढून टाकला.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही. एक लहानशी पण खरी आज्ञावली घ्यावी. तिचा टारबॉल आणि तिचा सार्वजनिक संग्रह यांतील फरक प्रथम काढून तो ओळीगणिक समजावून द्यावा. तीत एक सकारण दुरुस्ती करावी आणि तिचे वर्णन, कर्त्याला लिहिलेले पत्र व त्याचे उत्तर यांसह छापावे. न केलेल्या एका दुरुस्तीचेही कारण द्यावे. तीन ओळींची ‘रूल्स’ फाइल ह्यानंतर यावी. असा पाठ एकदा सिद्ध झाला की तो कोणत्याही वितरणाच्या विद्यार्थ्याला चालेल, कारण डेबियन व आरपीएम यांचे साचे वेगळे असले तरी संहिता वाचण्याची रीत दोहोंकडे एकच आहे. मार्गदर्शिकांच्या पुढील आवृत्त्यांत ह्या पाठाला पहिले प्रकरण म्हणून स्थान मिळणे अगत्याचे आहे.